वाक्य पडलं नाई पाह्यजे

दयारामभाऊंसमोर मी वाक्य पूर्ण करत नाही. करायला मिळतच नाही. मी "भाऊ, आज जरा..." एवढं म्हणेपर्यंत कुंपणापलीकडून "अंग दुखून राह्यलं!" असा शब्द येऊन पडलेला असतो. मला खरं तर "आज जरा लवकर निघतो" असं म्हणायचं असतं. पण आयता शब्द मिळाला की माणूस तोच उचलतो. मी म्हणतो, "हो ना भाऊ, अंग दुखून राह्यलं." आणि मग दिवसभर खरंच अंग दुखतं.

चामोर्शीला आमची दोन घरं एकाच भिंतीला पाठ लावून उभी आहेत. मी हायस्कुलात इंग्रजी शिकवतो. तसा मी थकलेला माणूस आहे. वर्गात पोरं, वर्गाबाहेर मतदार याद्या आणि पोषण आहाराची खिचडी, आणि घरी येऊन जरा पाय लांब करावे तर भिंतीपलीकडे दयारामभाऊ.

दोष त्यांचा नाही, धंद्याचा आहे. दयारामभाऊ जन्मभर नाटकाचे प्रॉम्प्टर होते. आमच्या या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत दिवाळी झाली की होळीपर्यंत गावोगावी नाटकं होतात. वडसा गावच्या नाटक कंपन्या आज या गावात, उद्या त्या गावात. नटाला काल कोणतं नाटक केलं ते आठवत नाही, तर आजचं काय पाठ असणार! तो बिनधास्त स्टेजवर जातो, कारण विंगेत हातात टॉर्च आणि पुस्तक घेऊन दयारामभाऊ बसलेले असतात. त्यांची कुजबुज बरोबर नटाच्या कानापर्यंत जायची आणि पहिल्या रांगेच्या अलीकडेच थांबायची. त्यांच्या विंगेत बसण्याच्या काळात एकाही नाटकाचं एकही वाक्य पडलं नाही, असं ते स्वतः सांगतात. "वाक्य पडलं नाई पाह्यजे, मास्तर! वाक्य पडलं का मानूस पडला."

मी एकदा विचारलं, "भाऊ, एवढी नाटकं पाहिली, तुम्हाला आवडलेलं कोणतं?"

"पाह्यली कुठी?" भाऊ म्हणाले. "मी नाटक बाजूनं पाह्यलं. हिरोचा डावा कान तेवढा मले पाठ हाय."

ते नटांना कानावरून ओळखतात. एकदा एसटी स्टँडवर एका टकल्या म्हाताऱ्याला त्यांनी बाजूने पाहून नावानिशी हाक मारली आणि तो कुण्या काळचा गाजलेला हिरो निघाला. समोरून पाहिला असता तर ओळखला नसता म्हणे. लोक गाण्याला वन्समोर द्यायचे, नट पुन्हा गायचा, पुन्हा शिट्ट्या पडायच्या. प्रॉम्प्टरला कोणी वन्समोर दिल्याचं ऐकिवात नाही. भाऊंनाही कोणाला वन्समोर देता आला नाही. विंगेतल्या माणसाने ओरडायचं नसतं.

आता कंपनी सुटली. गुडघे गेले, डोळे अधू झाले, पण कुजबुज काही सुटली नाही. सव्वीस जानेवारीला एक पुढारी भाषणाला उभे राहिले. "या तालुक्याच्या विकासासाठी मी..." म्हणून जरा थांबले. झेंड्याच्या चबुतऱ्यामागून आवाज आला, "कटिबद्ध आहे." पुढारी म्हणाले, "कटिबद्ध आहे." पुढच्या वाक्याला पुन्हा तसंच. मग त्यांनी हातातला कागद घडी करून खिशातच घातला आणि कान मागे लावून बोलत राहिले. नाल्यावरच्या पुलाचं आश्वासन त्या भाषणात दयारामभाऊंनी दिलं. टाळ्या पडल्या. पूल अजून व्हायचा आहे, आणि लोक त्याबद्दल भाऊंनाच विचारतात.

मयतीतही तेच. पलीकडच्या गल्लीतला एक जण बाप गेला तेव्हा नुसता दगडासारखा बसून होता. बायाबापड्या घाबरल्या, हा रडत कसा नाही म्हणून. भाऊ त्याच्या मागे जाऊन टेकले आणि हळूच म्हणाले, "बाबा, मले सोडून काऊन गेला गा..." तो माणूस तेच म्हणाला आणि धाय मोकलून रडला. तेराव्याला त्याने भाऊंच्या हातावर खास पहिला लाडू ठेवला.

एका ठिकाणी मात्र भाऊंची डाळ शिजत नव्हती. स्वतःच्या घरात. त्यांच्या बायकोचं नाव शकुनबाई. त्या बोलायला लागल्या की मध्ये श्वाससुद्धा बाहेरच उभा राहायचा. सकाळी पाणी भरताना सुरू झालेलं वाक्य दुपारी वरणाला फोडणी देताना संपायचं. त्यात गावातली लग्नं, बकरीचा आजार, माझ्या बायकोच्या साडीचा रंग आणि भाऊंच्या खानदानाचा उद्धार, सगळं यायचं. भाऊ खाटेवर बसून नुसती मान हलवत. "माह्या घरात प्रॉम्प्टरची पोस्टच नाई," असं म्हणत, आणि हे म्हणताना त्यांचा चेहरा मोठा सुखी दिसे. जगाला शब्द वाटून दमलेल्या माणसाला घरी आयते मिळत होते.

मग धान रोवणीच्या दिवसांत शकुनबाईंना लकवा मारला. उजवा हात गेला, त्या पाय जरा ओढत चालू लागल्या, आणि बोलणं पार गेलं. सगळं समजायचं, पण तोंडातून एकच शब्द निघायचा, "बरं." भूक लागली तरी बरं, राग आला तरी बरं, डोळ्यांतून पाणी गळतंय आणि तोंडाने "बरं, बरं". एवढ्या बोलक्या बाईला देवाने नेमका असा शब्द ठेवला. शहाणा असता तर निदान एखादी शिवी तरी ठेवली असती.

भाऊंना वाटलं, आता आपलं काम आलं. भिंतीपलीकडून आम्हाला रोज ऐकू यायचं. शकुनबाई काहीतरी दाखवायच्या आणि भाऊ सुरू व्हायचे, "पानी? चाय? पंखा लावू? गोळी? चादर? माहेरची याद आली? डोकं दुखते? उपमा?" बाई दम लागल्यासारख्या "बरं... बरं..." करत, आणि शेवटी एक जोरात "बरं!" आणि पितळी भांडं आपटल्याचा आवाज. माझी बायको कुंदा म्हणायची, "जाऊन सांगा ना त्याईले, बाईले बोलू द्या म्हणून." मी म्हणायचो, "मी सांगायला गेलो तर माझंच वाक्य तो माणूस पूर्ण करेल."

एका संध्याकाळी भाऊ कुंपणाशी आले. मी "काय भाऊ..." म्हटलं आणि पुढच्या शब्दाची वाट पाहिली, तर तो आलाच नाही. थोड्या वेळाने म्हणाले, "मास्तर, मी बोलून राह्यलो, बोलून राह्यलो, पण समोरून वाक्यच येत नाई बावा. इतकं सुनं घर म्या कधी पाह्यलं नाई. ते एकदा बोलली पाह्यजे. मंग शिव्या देऊ दे, काई देऊ दे."

दिवाळीत माझी मुलगी मेघा नागपूरहून आली. ती तिथे नोकरी करते आणि कानात सतत काहीतरी घालून फिरते. एक दिवस अंगणात तिने मोबाइलवर परदेशातलं एक गाणं लावलं. गिटार होती, आणि मागे कोणीतरी लांबून गळा काढल्यासारखा एक सूर होता.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"ऑल्ट-कंट्री म्हणतात बाबा याला."

"म्हणजे?"

"म्हणजे गावाकडची गाणी, पण थकलेल्या माणसांनी म्हटलेली."

आयुष्यात पहिल्यांदा मला एखादा संगीतप्रकार लगेच कळला. शकुनबाई तेव्हा भाऊंबरोबर आमच्या ओसरीवर बसल्या होत्या. त्यांचा डावा हात मांडीवर ताल धरू लागला. गाण्याच्या शेवटी तो गायक एका शब्दाच्या आधी जरासा थांबतो, मग तो शब्द म्हणतो. त्या थांबण्यात शकुनबाईंच्या तोंडून आवाज आला, "हो..." बस, एवढाच. पण तो "बरं" नव्हता!

दयारामभाऊ ताडकन उठले. "मास्तर! वाक्य आलं! अर्धं आलं, पन आलं!" मग ते गाणं त्या दिवशी इतक्या वेळा वाजलं की आमच्या कोंबड्यांनाही पाठ झालं असेल. पण तो आवाज काही पुन्हा आला नाही. भाऊंना मात्र गाणं पाठ झालं. इंग्रजीचा एक शब्द कळत नव्हता, पण अक्षर अन् अक्षर पाठ. धंदाच होता त्यांचा.

पुढे मेघाचा फोन आला. ते गाणं म्हणणारी मंडळी देशभर दौरा करतायत, नागपुरातही एका हॉलमध्ये संध्याकाळचा कार्यक्रम आहे. आणि शकुनबाईंच्या जिभेसाठी गडचिरोलीच्या डॉक्टरांनी नागपूरच्या एका बाईंचं नाव दिलंच होतं. भाऊंनी दोन्ही एका दिवशी जमवलं. सकाळी डॉक्टरीण, संध्याकाळी कंपनी. "मोबाइलवर हो म्हनते, तं समोर पाहून पुरा डायलॉग बोलन," असा त्यांचा हिशेब. गाडी माझी, चालवणार मी, इंग्रजी बोलणार मी. मला कोणी विचारलंच नाही. मी "मला त्या दिवशी..." म्हणालो, तर भाऊंनी "सुट्टीच हाय" असं माझं वाक्य पूर्ण केलं.

गडचिरोलीपर्यंतचा रस्ता म्हणजे सूरजागडच्या लोहखाणीच्या ट्रकांच्या मागे लाल धूळ खात जायचं. माझी जुनी गाडी आणि माझी जुनी कंबर एका सुरात कुरकुरत होत्या. शेजारी भाऊ गाडीलाही प्रॉम्प्टिंग करत होते. "ब्रेक... हां. आता हॉर्न. थांबा, थांबा, येऊ द्या त्याले. आता घ्या. घ्या ना बावा, एन्ट्री चुकली!" मागच्या सीटवरून शकुनबाई अधूनमधून "बरं" म्हणत. त्यातला एक तरी मला सहानुभूतीचा वाटला.

डॉक्टरीण बाई तरुण होत्या, शांत होत्या. त्यांनी शकुनबाईंसमोर चमच्याचं चित्र धरलं. "आजी, हे काय आहे?"

"चमचा," भाऊ म्हणाले.

"आजोबा, त्यांना सांगू द्या."

दुसरं चित्र कंगव्याचं. "फनी," भाऊ म्हणाले, आणि स्वतःच जीभ चावली. बाईंनी त्यांना बाहेर पाठवलं. खोलीत एक हिरवा पडदा होता. तिसऱ्या चित्राला शकुनबाईंनी तोंड उघडलं मात्र, पडद्यामागून थेट त्यांच्या कानापर्यंत जाणारी कुजबुज आली, "छत्री... छत्री..."

डॉक्टरीण बाईंनी पडदा सर्रकन बाजूला केला. भाऊ पाय दुमडून, मान वाकवून बसले होते, अगदी विंगेत बसावं तसे. मला हसू आवरेना. डॉक्टरीण हसल्या नाहीत. त्यांनी भाऊंना समोर बसवलं आणि म्हणाल्या, "आजोबा, शब्द आजींच्या आत आहेत. त्यांना वाट सापडत नाहीये. तुम्ही शब्द दिलात की त्यांचं शोधणं थांबतं. तुम्ही फक्त गप्प बसायचं."

"किती वेळ?"

"शब्द येईपर्यंत."

"आन् तवरिक स्टेज असंच खाली ठेवाचं?" भाऊंनी विचारलं. "लोक काय म्हनतीन?"

"लोक नाहीत ना आजोबा तिथे. तुम्ही दोघंच आहात."

बाहेर येऊन आम्ही चहा घेतला. मी म्हटलं, "भाऊ, जमेल..." आणि ते म्हणाले, "नाई जमनार." माझ्या मनातलंच वाक्य होतं ते.

संध्याकाळी मेघाने आम्हाला त्या हॉलमध्ये नेलं. सगळी तिच्या वयाची पोरंपोरी. आम्ही तिघं तिथे चुकून आलेल्या पाहुण्यांसारखे. भाऊंची नजर आधी पडदा शोधत फिरली. पडदा नव्हता. विंगही नव्हती. ते सवयीने अगदी कडेच्या खुर्चीकडे निघाले, मी त्यांना दंडाला धरून मधोमध बसवलं. शकुनबाई आम्हा दोघांच्या मध्ये.

कंपनी आली. चार माणसं. गायक म्हणजे उंच, वाळका, दाढी वाढलेला गडी. शर्ट चुरगळलेला. मागच्या गावाहून प्रवास करून थेट स्टेजवर आला असावा असा चेहरा. भाऊ माझ्याकडे वाकून म्हणाले, "मास्तर, मेकअप नाई केला काय याईनं? तालमीच्याच कपड्यावर आले." एक बाई टेबलासारखी आडवी गिटार समोर ठेवून बसली होती आणि खाली पायाने पेडल दाबत होती. तो लांबून रडणारा सूर तिचा होता. "हे तं पायपेटीची गिटार झाली!" भाऊ म्हणाले. मग जरा वेळ टक लावून पाहत राहिले. "समोरून लय न्यारं दिसते, मास्तर. दोन्ही कान दिसून राह्यले."

गाणी संथ होती. एक संपलं की गायक सूर जुळवत बसायचा, पाणी प्यायचा, कोणालाच घाई नव्हती. भाऊ खुर्चीच्या टोकावर सरकायचे. "खाली स्टेज! अबे, कोनी तरी एन्ट्री घ्या ना!" मी म्हणायचो, "भाऊ, यांची पद्धत आहे." खरं सांगायचं तर मला बरं वाटत होतं. कितीतरी दिवसांनी मी अशा ठिकाणी बसलो होतो, जिथे समोरची माणसं माझ्याइतकीच दमलेली होती आणि ते लपवत नव्हती.

आणि ते गाणं आलं. पहिल्या सुरालाच शकुनबाईंचा डावा हात मांडीवर पडू लागला. भाऊंनी स्टेजकडे पाहणं सोडलं आणि बाईंच्या तोंडाकडे पाहू लागले. खांद्यावरचा दुपट्टा दोन्ही हातांत घट्ट पिळून धरला होता. गाण्यातला माणूस रात्रीची गाडी हाकत घराकडे निघालेला असतो, आणि शेवटच्या ओळीत "घर" या शब्दाच्या आधी गायक थांबतो. मोबाइलवर तो जरासाच थांबायचा.

इथे तो थांबला आणि थांबूनच राहिला.

गिटारवालीचा सूर तेवढा हलक्याने चालू होता. गायकाने डोळे मिटले होते. शकुनबाईंचे ओठ उघडले. गळ्याची शीर ताठ झाली. त्यांच्या चेहऱ्यावर असं काहीतरी चढत आलं, जे मी कधी पाहिलं नव्हतं. मला वाटलं, आता! आता येतंय!

"होम!" दयारामभाऊ ओरडले. "होम, होम!"

त्यांची ती प्रसिद्ध कुजबुज नव्हती. भीतीने आवाज फुटला होता आणि सगळ्या हॉलभर गेला. पोरं खो-खो हसली. गायकाने डोळे उघडले, आमच्याकडे पाहिलं, हसून म्हणाला, "थँक यू, सर," आणि तो शब्द गायला. टाळ्या पडल्या. मेघाने ओढणीत तोंड लपवलं.

शकुनबाईंनी ओठ मिटले. "बरं," म्हणाल्या, आणि मांडीवरचा हात थांबला.

भाऊंनी ते पाहिलं. त्यानंतरचं एकही गाणं त्यांनी ऐकलं असेल असं मला वाटत नाही. दुपट्ट्याचा बोळा तोंडात दाबून ते बसून राहिले. मला त्यांचा राग आला होता, पण तो बोळा पाहून मी मान स्टेजकडे वळवली.

कार्यक्रम संपला तसे भाऊ उठले आणि सरळ स्टेजमागे निघाले. कोणालाही न विचारता. नाटकवाल्या माणसाला मागची वाट विचारावी लागत नाही. मी मागोमाग धावलो. गायक एका पेटीवर बसून पाणी पीत होता.

"मास्तर, त्याले सांगा, मीबी लाईनमधला मानूस हाव. प्रॉम्प्टर हाव. मले वाटलं, तो इसरला. गलती झाली."

मी इंग्रजी शिकवतो, बोलत नाही. पण कसंबसं सांगितलं. गायकाने भाऊंना शेजारी जागा करून दिली. तो म्हणाला, विसरलो नव्हतो. तिथे मी थांबतोच. शब्द आला की गातो. कधी लवकर येतो, कधी उशीर लावतो.

मी मराठीत सांगितलं. भाऊ पुढे सरकले. "इचारा त्याले, आन् नाईच आला तं?"

मी विचारलं. गायकाने खांदे उडवले. नाही आला तर आम्ही वाजवत राहतो, म्हणाला.

"काय म्हनते?"

"वाजवत राहतात म्हणे."

भाऊंनी त्याच्याकडे नीट पाहिलं, आधी समोरून आणि मग सवयीने जरा बाजूने. "हाव," म्हणाले. "बरोबर हाय." आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून बाहेर आले.

परतीच्या वाटेवर गाडीला कोणी प्रॉम्प्टिंग केलं नाही. दोनदा माझा गिअर चुकला.

त्यानंतर भिंतीपलीकडचा तो भडिमार थांबला. आम्हाला इतकी सवय झाली होती की कुंदाने दोन दिवस वाट पाहून मला पाहायलाच पाठवलं, सगळं ठीक आहे ना म्हणून. ठीक होतं. बाई काहीतरी सांगायला धडपडत होत्या आणि भाऊ समोर बसून पितळी तांब्यावर बोटांनी ताल धरत होते. टक टक टक टक. घामाघूम झाले होते. बाईंचं "बरं" आलं, मग बाईंनी बोट दाखवलं, मग भाऊंनी उठून पंखा लावला. आता रोज तोच तांब्या ऐकू यायचा. बाहेर मात्र भाऊ तसेच होते. उलट घरी साठलेले शब्द ते गल्लीत वाटून टाकत. माझं तर "नमस्कार"सुद्धा अर्ध्यात तोडत.

जानेवारीत एका रविवारी दुपारी मी त्यांचा थर्मास परत द्यायला गेलो. अंगणात ऊन होतं. नवराबायको तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. बाई एकाच हाताने शेंग मांडीवर दाबून फोडत होत्या. मी टेकलो. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, हातातली शेंग खाली ठेवली आणि तोंड उघडलं.

"म..."

मग काहीच नाही. ओठ हलत होते. डोळे स्वयंपाकघराकडे गेले, पुन्हा माझ्याकडे आले. मला कळलं हो! लहान पोरालाही कळलं असतं. माझ्या जिभेच्या टोकावर तो शब्द येऊन बसला. आता हिला अजून किती छळायचं, देऊन टाकावा एकदाचा! मी तोंड उघडलं. भाऊंनी माझ्याकडे न पाहताच माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि दाबला. दुसऱ्या हाताने ते शेंगा फोडत राहिले. कट. कट. कट. दाणे टोपलीत, काही टोपलीबाहेर. मुख्य रस्त्यावरून एक ट्रक गेला, त्यामागे दुसरा गेला. जन्मभर ज्या माणसाने कोणाचं वाक्य पडू दिलं नाही, तो समोर बायकोचं वाक्य पडताना पाहत होता आणि शेंगा सोलत होता.

"मा... मास्तर... ले..." शकुनबाई म्हणाल्या. त्यांचं कपाळ घामाने भिजलं होतं. "मास्तरले... चाय."

शेंगांचा आवाज थांबला. मला मोठ्याने ओरडावंसं वाटत होतं.

दयारामभाऊंनी चष्मा काढला, दुपट्ट्याने पुसला, पुन्हा लावला. मग ते जरा पुढे वाकले, आणि ती जुनी, फक्त एकाच कानापर्यंत जाणारी कुजबुज मी किती दिवसांनी ऐकली.

"वन्समोर," ते म्हणाले.

शकुनबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, हातात पुन्हा शेंग घेतली, आणि म्हणाल्या, "बरं."